वाल्दरेनाची शिरगणती

इमारतीत एकशे अठ्ठावीस खाटा असायला हव्या होत्या, एकशे एकवीस सापडल्या. खिडकीतले एसी चौसष्ट, त्यातले चालू एकोणीस. रास अल खैमातल्या आमच्या टाइल्सच्या कारखान्याची ही जुनी स्टाफ बिल्डिंग कंपनी पुढच्या महिन्यात मूळ मालकाला परत करणार आहे. आतल्या सामानाची यादी करायला बुधवारी हमरिया फ्री झोनच्या गोदामातून मला पाठवलं होतं. यादी करणं हेच माझं काम आहे. सव्वीस वर्षं झाली, मी या देशात वस्तू मोजतो आहे.

दुसऱ्या मजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत एक राखाडी लोखंडी कपाट भिंतीला चिकटून उभं होतं, कुलूप लावलेलं.

"साब, ये किसका है मालूम नहीं," वॉचमन म्हणाला. "मैं आया तब से ऐसाच बंद है."

मला माहीत होतं. ते माझं होतं. अकरा वर्षांपूर्वी बदली झाली तेव्हा किल्ली सापडत नव्हती, खाली गाडी हॉर्न देत होती, आणि दोन दिवसांत येऊन नेतो असं मी सांगितलं होतं. वॉचमननं छिन्नीनं कुलूप तोडलं. आत कोकमाची एक बरणी होती, सालं पार दगड झालेली. एक निळी इस्त्री होती, माझी पहिली लांब वही होती, आणि वरच्या फळीवर अकरा पुस्तिका होत्या, दहा पातळ, एक जाड. पातळ दहांवर तोच फोटो: दगडी छपरांची पंधरा-वीस घरं, एक घंटाघर, मागे पांढरा डोंगर. वाल्दरेना. इटलीच्या उत्तर टोकाला आल्प्समधली एक नगरपालिका. नगरपालिका म्हणायचं, पण आमच्या तालुक्यातलं मध्यम गाव तिच्यापेक्षा मोठं.

मी त्या गावात कधी गेलेलो नाही. बर्फ मी फ्रीजरमध्येच पाहिलेला आहे. तरी पुस्तिका हातात घेतल्या आणि खोलीला आधी गवताचा वास आला, मग ओल्या लाकडाच्या धुराचा. चार दिवस वाळवलेल्या गवताचा वास कसा असतो हे मला शेजारच्या खोलीतल्या जिनोनं इतक्या वेळा सांगितलंय की तो माझ्याच नाकात राहिला आहे.

खाली टॅक्सी थांबली होती. यादी अर्धी राहिली होती. आणि संध्याकाळच्या आत मला अब्बांना उत्तर द्यायचं होतं.

---

अब्बा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या आत आमचा मोहल्ला आहे, तिथे ते एकटे राहतात. अम्मी गेली त्याला सहा वर्षं झाली. जेवण शेजारून येतं. सोमवारी त्यांचा फोन आला होता.

"यासीन गेला रे."

यासीन मास्तर उर्दू शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. मी इन्ना लिल्लाही म्हटलं. अब्बा म्हणाले, "आता आपण एकोणचाळीस."

बाहेरच्या माणसाला हा आकडा सांगावा लागतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारी दुपारच्या नमाजाला चाळीस पुरुष लागतात, आणि ते त्याच वस्तीत कायम राहणारे लागतात. इतर ठिकाणी बारावरही भागवतात असं म्हणतात, पण आमच्या मोहल्ल्यात चाळीस. ती नमाज पढवणाऱ्या खतीबसाहेबांच्या आजोबांपासून चाळीस. त्याखाली गेलं की मिंबरच्या पायऱ्या चढून द्यायचा खुतबा, म्हणजे प्रवचन, नाही, रोजच्यासारखी दुपारची चार रकातींची जोहर पढायची आणि घरी जायचं. ज्याला जुमा हवा त्यानं होडीनं खाडीपलीकडे मोठ्या गावात जायचं. अब्बांच्या गुडघ्यांना होडीत चढणं आता जमत नाही.

"तू ये," अब्बा म्हणाले. "गुरुवारी ये, शनवारी जा."

"मी आलो तरी मोजत नाहीत, अब्बा. पाहुणा मोजत नाहीत."

"खतीबसाहेब विचारतील, रायला आलास का. तू हो म्हन. एवढंच. पुडचा जुमा पुडं बगू. एकदा बंद पडला का परत उबा रात नाय. खालच्या मोहल्ल्याचं काय झालं, तूच लिवलंस ना वहीत?"

मी लिहिलं होतं. खालच्या मोहल्ल्यात अडतीस झाले तेव्हा जुमा तात्पुरता थांबवला होता. त्याला सतरा वर्षं झाली. आता तिथल्या मशिदीचा हौज कोरडा आहे.

"बुदवारपर्यंत सांग," ते म्हणाले आणि फोन ठेवला. गेल्या सव्वीस वर्षांत अब्बांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. आणि आता मागितलं ते हे, एक शब्द खोटं बोलायला.

---

जिनो भट्टीचा मेकॅनिक होता. टाइल भाजायची भट्टी शंभर मीटर लांब असते. यंत्रं इटलीहून आली, आणि यंत्रांबरोबर माणसंही आली. बाकीचे इटालियन हॉटेलात राहायचे आणि तीन महिन्यांत परत जायचे. हा आमच्या बिल्डिंगमध्ये पंधरा नंबरला राहिला, नऊ वर्षं. उंच, वाकलेला, कानात नेहमी कापूस. भट्टीच्या आवाजानं त्याचा एक कान गेला होता. हिंदी तो शॉप फ्लोअरवर शिकला होता, म्हणून त्याच्या हिंदीत निम्मे शब्द पंजाबी आणि निम्म्या शिव्या होत्या.

आमची ओळख एका नोटिशीनं झाली. दुसऱ्या मजल्यावर अ‍ॅडमिननं कागद चिकटवला होता, 'तीव्र वासाचे पदार्थ खोलीत ठेवू नयेत.' मला वाटलं हे माझ्या सुक्या बोंबलांबद्दल आहे. मी पिशवी उचलून गच्चीवर न्यायला निघालो, तर जिन्यात हा समोरून येत होता, कापडात गुंडाळलेली चीजची वडी काखेत घेऊन.

"तुम्हारा भी?" त्यानं विचारलं.

"मेरा मच्छी है."

त्यानं पिशवी हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाला, "भाई, तुम्हारा ज्यादा खराब है. मैं वापस जाता है."

तो परत गेलाच. त्यानंतर माझे बोंबील आणि त्याचं चीज त्याच्या खोलीतल्या एकाच फ्रीजमध्ये राहू लागले, आणि नोटीस मागच्या खोलीतल्या केरळी भावांबद्दल असावी असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच वाजले तरी बाहेर पाऊल टाकता येत नसे. शिफ्ट संपली की बसनं बिल्डिंग, बिल्डिंगमधून खोली, खोलीत एसी. पासपोर्ट तेव्हा ऑफिसच्या तिजोरीत असायचे. दोन वर्षांनी एकदा मिळायचे, सही करून. खिडकीतून हजरचे डोंगर दिसायचे, उघडे, तपकिरी, एक झाड नाही. जिनो त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "ये पहाड़ नहीं है. ये पहाड़ का हड्डी है." मग पडदा ओढायचा, खुर्चीत बसायचा आणि गाव सांगायला लागायचा.

वाल्दरेना समुद्रापासून अकराशे चाळीस मीटर उंच. चार वाड्या, मध्ये ओढा. सगळ्यात खालची वाडी ओढ्याच्या काठाला आणि तिच्या दक्षिणेला कडा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य त्या कड्यामागे जातो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत त्या वाडीत ऊन पडत नाही. वरच्या तीन वाड्यांत पडतं. खालची माणसं दुपारी वर बघतात, शेजाऱ्यांच्या छपरावर पिवळं ऊन दिसतं, आणि आपल्या अंगणात निळी सावली. जिनो खालच्या वाडीचा. ऊन परत यायच्या दिवशी सगळे आपापल्या खुर्च्या पुलावर नेऊन ठेवायचे. कारण पहिलं ऊन पुलाच्या मधोमध पडतं, आणि पहिल्या दिवशी ते फक्त अकरा मिनिटं टिकतं. कोणी काही बोलत नसे. म्हातारी माणसं मधल्या खुर्च्यांत, पोरं कठड्यावर. ओढा खाली वाजत असे. अकरा मिनिटांनी सगळे खुर्च्या उचलून घरी.

"अकरा मिनिटं कोणी मोजली?" मी एकदा विचारलं.

"मेरा बाप," तो म्हणाला. "हर साल. घड़ी लेके."

हे ऐकल्यावर मला तो माणूस आपला वाटला.

खुर्च्यांचंही कारण होतं. वाल्दरेनाचे पुरुष खुर्च्या दुरुस्त करणारे. शेकडो वर्षं दर शरद ऋतूत अवजारांची पेटी पाठीवर घेऊन ते डोंगर उतरायचे, शहराशहरांतून खुर्च्यांच्या बैठका विणत फिरायचे आणि वसंतात गवत कापायला परत. हिवाळ्यात गावात बायका, म्हातारे, गायी आणि पाद्री. पाद्र्याच्या जुन्या वहीत हिवाळ्याची माणसं वेगळी आणि उन्हाळ्याची वेगळी लिहिलेली असायची. मी म्हटलं, आमच्याकडे आजोबांच्या पिढीत पुरुष बोटीवर खलाशी होते, पावसाळ्यात घरी यायचे. त्यामुळे मोहल्ल्यात निम्म्या पोरांचे वाढदिवस एप्रिल-मेमध्ये. जिनो इतका हसला की त्याच्या कानातला कापूस पडला. त्याच्या गावात निम्मी पोरं जानेवारीत जन्मायची.

---

दर वर्षी मार्चमध्ये त्याच्या नावानं पोस्टानं पुस्तिका यायची. नगरपालिका आपल्या बाहेरगावी राहणाऱ्यांना पाठवायची. चोवीस पानं. कोणाचं छप्पर शाकारलं, कोणाची गाय कड्यावरून पडली, पुलाचा कठडा रंगवला. आणि शेवटच्या पानावर तक्ता: जन्मले, वारले, राहायला आले, सोडून गेले, एकूण. त्याखाली एक बारीक ओळ: परदेशी राहणारे. ते एकुणात धरत नसत.

जिनो पुस्तिका मागून उघडायचा. पहिली आली तेव्हा एकूण दोनशे चौदा. त्याच्या जन्माच्या वर्षी सहाशेच्या वर होते. तो बोट बारीक ओळीवर ठेवायचा. "मैं इधर है," म्हणायचा. "नीचे."

दुसऱ्या वर्षी त्यानं मला विचारलं, "भाई, तुम्हारा गाँव कितना?"

मला सांगता आलं नाही. मी, जो कारखान्यातल्या टाइलच्या पेट्या एकाची चूक न होता मोजायचो, मला माझा मोहल्ला मोजता आला नाही. त्या शुक्रवारी मी नमाजाहून आलो, जिनो मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा ढवळत बसला होता. मी त्याला चाळिसाची गोष्ट सांगितली. त्यानं ढवळणं थांबवलं.

"और चालीस नहीं हुआ तो?"

"तो जुमा नहीं."

"खलास?"

"खलास."

त्यानं गॅस बंद केला, माझ्या खोलीतून लांब वही आणवली आणि पट्टीनं पाच रकाने आखून दिले. जन्मले, वारले, आले, गेले, एकूण. त्याखाली स्वतःच्या हातानं एक बारीक रेघ. मग मला म्हणाला, "फोन करो बाप को."

अब्बांना आधी वाटलं मी आजारी आहे. मग त्यांना ते आवडलं. पुढच्या जुम्याला ते सगळ्यांच्या आधी मशिदीत गेले आणि पायरीवर उभे राहून येणाऱ्यांना मोजलं. एकाहत्तर. मी वहीत लिहिलं. जिनोनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "अच्छा है. बहुत अच्छा है. मेरे से अच्छा है."

अब्बांनी आकडा सांगितला पण त्याच्याबरोबर जे ऐकू आलं ते मी वहीत लिहू शकलो नाही. फोनमागे हौजावर पाणी उपसायचा आवाज होता, तांब्या दगडावर ठेवल्याचा. कोणीतरी खोकत होतं, ते खोकणं मी ओळखलं, यासीन मास्तरांचं. जुम्याच्या दिवशी आमच्या गल्लीत कपड्यांच्या खळीचा आणि अत्तराचा वास मिसळलेला असायचा. त्यात खाडीला ओहोटी असेल तर चिखलाचा. अम्मी सांदणं वाफवायला ठेवायची आणि ती नेमकी खुतबा संपताना फुगायची. मशिदीतून बाहेर पडणारी माणसं आपापल्या घराच्या वासामागे वळायची. लाँचचा भोंगा वाजला की मोहल्ल्यातली सगळी कोंबडी एकाच दिशेला पळायची, का ते मला आजही माहीत नाही. लाँच बंद झाली. कोंबडी बहुतेक आता ब्रॉयलरची.

त्यानंतर दर मार्चमध्ये जिनो आणि मी आकडे समोरासमोर ठेवायचो. दोनशे सात, एकोणसत्तर. दोनशे तीन, अडुसष्ट. त्याचे पडायचे, माझे पडायचे. ज्याचा जास्त पडला त्यानं चहा करायचा. एका वर्षी त्याच्याकडे जुळं जन्मलं आणि त्यानं अख्ख्या मजल्याला खजूर वाटले. केरळी भावांना वाटलं यालाच मुलं झाली, त्यांनी मिठी मारून मुबारक म्हटलं. त्यानं दुरुस्ती केली नाही.

---

शेवटच्या वर्षी पुस्तिकेबरोबर एक पत्र होतं. वाल्दरेना आता दरीतल्या मोठ्या गावात विलीन करायची की नाही, यावर गावात राहणारे मत देणार होते. गावात राहणारे. बारीक ओळ नाही.

तिसऱ्या दिवशी जिनोनं राजीनामा दिला.

"एका मतासाठी?" मी म्हटलं. "जिनो, पेन्शनला तीन वर्षं राहिलीत."

"एक भी नंबर है, भाई. तुम तो जानता है."

तो गेला त्या सकाळी आधीच्या नऊ पुस्तिका माझ्या हातात देऊन बसच्या पायरीवर उभा राहून त्यानं मला विचारलं, "तुम कब?" मी म्हटलं, दोन वर्षांनी, इन्शाल्ला. त्यानं मान डोलावली. इन्शाल्ला किती वर्षांचं असतं हे त्याला इथे राहून कळलेलं होतं.

त्या वर्षीची पुस्तिका त्यानं मला माझ्या नावानं पाठवली. 'राहायला आले' या रकान्यात दोन, आणि त्या दोनाखाली निळ्या शाईची रेघ. पुढच्या वर्षीची जाड होती, मुखपृष्ठावर दुसऱ्याच गावाचं नाव. वाल्दरेना नवव्या पानावर, आठ ओळींत. मी फोन केला. त्याचा दुसरा कानही गेला होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"भाई, मैं आ गया, गाँव चला गया."

मागे पाणी वाहत होतं. ओढा असणार. मी विचारलं, पस्तावतोस का, तर त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

नंतर माझी बदली झाली. बायको रुबिना आणि मुलगा अरसलान गावाहून आले, अरसलान तेव्हा सहाचा होता. कपाट राहून गेलं. आम्ही शारजात राहू लागलो. घर, शाळा, स्कूल बस, विमा, दर दोन वर्षांनी व्हिसाचं स्टँपिंग. प्रत्येक गोष्टीची मुदत वेगळ्या महिन्यात संपते, त्यामुळे सगळ्यांची एकदम संपली असा महिना येत नाही. माझ्या वहीत पहिल्या पानापासून 'गेले' या रकान्यात मी आहे. तिथून मला पुसता येईल असं एकही वर्ष आलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना मी खतीबसाहेबांना विचारलं होतं. ते ओटीवर सुपारी कातरत होते.

"साहेब, मी इथे चाळिसात नाही. मग तिकडे आहे का? तिकडे तर मी बारा महिने राहतो."

"परत यायची नियत हाय का?"

"आहे."

"मग तिकडं पन नाय. ज्याच्या मनात परतायचं, तो तिथला कायमचा नाय. जुमा तुज्यावर वाजिब, तो पडायलाच हवा, पर चाळिसात तुजं डोकं नाय."

"म्हणजे कुठेच नाही."

"नियत सोड," ते म्हणाले, "तिकडं मोजतील. नायतर घरी ये, मी मोजीन." आणि सुपारी पुढे केली. त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. आडकित्त्याइतकंच सरळ म्हटलं होतं.

---

बुधवारी संध्याकाळी मी यादी पूर्ण केली. सात खाटा कमी, एक कपाट जास्त. घरी आलो. अरसलान डायनिंग टेबलवर बारावीचं फिजिक्स करत होता. मी पुस्तिका आणि जुनी वही त्याच्या बाजूला ठेवली आणि फोन काढून विमानाची तिकिटं बघू लागलो. गुरुवारी रात्रीचं होतं. शनिवारी संध्याकाळचं परतीचंही होतं.

"आर यू गोइंग?" त्यानं विचारलं. आजोबांचं त्याला रुबिनानं सांगितलं होतं.

"आजोबा म्हणतात तसं सांगायचं असेल तर."

"सो जस्ट से इट. इट्स वन वर्ड, अब्बा. इट मेक्स हिम हॅपी."

"सगळे खतीबसाहेबांच्या तोंडाकडे बघतात आणि ते एकेकाला विचारतात. चाळीस माणसांची नमाज माझ्या एका शब्दावर उभी राहील."

"बट यू आर फ्रॉम देअर."

"तू कुठला?"

त्यानं खांदे उडवले. "शारजा. टिल एटीन. देन आय नीड माय ओन व्हिसा." मग पुस्तकाचं पान उलटून म्हणाला, "अ‍ॅट लीस्ट यू हॅव अ लिस्ट यू आर नॉट ऑन."

रुबिना स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याच्याशी काय बोलता. अब्बांना फोन लावा. म्हातारा माणूस फोनजवळ बसून असेल."

मी फोन लावण्याआधी दुसरं काम केलं. आमच्या जमातीच्या गल्फच्या ग्रुपवर, ज्यात अबू धाबीजवळच्या मुसफ्फापासून रास अल खैमापर्यंत पसरलेले एकशे सहा जण आहेत, मोहल्ल्यातला कोणी वारला की नवा आकडा टाकायचं काम माझं. सोमवारपासून मी तो टाकला नव्हता. चालू वहीत यासीन मास्तरांचं नाव 'वारले' मध्ये लिहिलं, बेरीज केली, आणि ग्रुपवर टाकलं: एकोणचाळीस. लोकांनी खाली हात जोडले, दुवा लिहिल्या. मग मी अब्बांना फोन लावला.

"मला खोटं सांगता येणार नाही, अब्बा."

मग ते म्हणाले, "बरं." आणि म्हणाले, "जेवलास?"

---

गावची घड्याळं आमच्या दीड तास पुढे. शुक्रवारी माझा जुमा सुरू होण्याआधी त्यांचा संपलेला असतो. मी शारजातल्या मशिदीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसलो होतो. फोन आला. मी उचलला.

"एक्केचाळीस झालो होतो," अब्बा म्हणाले.

"कसे?"

"यासीनची दोन पोरं आली मुसफ्फावरनं. बापाच्या मातीला पोचली नाय, ती काल आली. मी दोगांना सकाळी बोलवून सांगितलं, माजा पोरगा नाय म्हनाला, खतीबसाहेब विचारतील, तुमी हो म्हना. म्हनाले, हो म्हनू, चाचा."

"मग?"

"खतीबसाहेबांनी विचारलं. धाकट्यानं हो म्हटलं. थोरला उबा रायला. म्हनाला, आमची रैवारची फ्लाइट हाय. म्हनाला, चाचांच्या पोरानं ग्रुपवर एकोणचाळीस लिवलंय. ज्यानं आपल्या बापासाठी आकडा बदलला नाय, त्याच्या आकड्यावर मी काय बोलू."

पार्किंगमधून माणसं मशिदीकडे चालली होती, बंगाली, पठाण, मिसरी, मल्याळी. गाड्यांच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. आत दोन हजार तरी असतील. त्यांना कोणी मोजणार नव्हतं.

"खतीबसाहेब मिंबरवर चडले नाय," अब्बा म्हणाले. "खालीच उबे रायले. जोहर पडवली. चार रकात. धाकटा रडत होता, बापाची आठवन आली म्हनाला."

"अब्बा, माझ्यामुळे झालं."

"तुज्यामुळं नाय. यासीनमुळं झालं, तो मेला म्हनून." ते जरासे हसले. मास्तरांच्या गणिताची त्यांनी आयुष्यभर थट्टा केली होती. मग त्यांचा आवाज बदलला. "वही हाय का तुज्याकडं?"

वही मागच्या सीटवर होती. बुधवारपासून मी ती गाडीत घेऊन फिरत होतो.

"लिव," अब्बा म्हणाले. "आकडा नको. नावं लिव. उद्या कोन इचारलं का शेवटच्या दिवशी कोन कोन होते, तर आकडा काय सांगनार? जेटीपासनं घेतो."

मी स्टिअरिंगवर वही टेकवली. त्यांनी जेटीच्या बाजूनं सुरुवात केली, घर धरून. हमीद आणि त्याचा भाऊ. मग बंद घर, ते सोडून दिलं. मग रजबचाचा. मग दोन बंद. मग इद्रिस, त्याचा मोठा, त्याचा मधला. ते चालत असल्यासारखे बोलत होते, चढावर दम घेत, कोपऱ्यावर जरा थांबत. मी प्रत्येक नावाला एक ओळ दिली. बाहेर अजान झाली, खुतबा सुरू झाला, लाउडस्पीकरवर इमामांचा आवाज गाडीच्या काचेतून आत येत होता. मी गाडीतून उतरलो नाही. वाजिब होतं, तरी उतरलो नाही.

एकविसाव्या नावाला ते मशिदीपाशी आले, खतीबसाहेब. तिथून आमची गल्ली. बावीस, तेवीस, चोवीस. पंचविसावं नाव आमच्या घराचं. तिथे अब्बांनी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं. मी लिहिलं.

पेन त्याच ओळीच्या शेवटी होतं; इद्रिसच्या घरी त्याच्या नावानंतर मुलांची नावं आली होती. फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. आमच्या घरातून पुढच्या घराकडे जायला तीन पायऱ्या उतराव्या लागतात. त्यांना त्या उतरायला वेळ लागतो.

"पुडं?" मी विचारलं.

"पुडं कासीमचं घर," अब्बा म्हणाले. "कासीम लिव."